नव्या फेअरवे वुडची रुजुवात

1935 सालच्या एप्रिल महिन्यात, अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा येथील मैदानावर, आज मास्टर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत, पंधराव्या होलवर जीन साराझेन यांनी 235 यार्डांवरून चार क्रमांकाच्या वुडने मारलेला चेंडू थेट होलमध्ये जाऊन पडला. त्या एका फटक्याने तीन फटक्यांची पिछाडी भरून निघाली, क्रेग वुड यांच्याशी बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या 36 होलांच्या निर्णायक लढतीत साराझेन विजयी ठरले. गोल्फच्या इतिहासात इतका गाजलेला फटका क्वचितच दुसरा सापडेल. परंतु ज्या काठीने तो मारला गेला तिच्या गुणांविषयीची साक्ष म्हणून जर कोणी तो पुढे केला, तर कोणताही सावध न्यायाधीश ती दाखल करून घेणार नाही. कारण खेळाडूचे कौशल्य, वाऱ्याची मर्जी, जमिनीचा उतार आणि काठीची घडण या चौघांच्या भागीदारीतून एकेक फटका निघत असतो, आणि त्या भागीदारीचा हिशेब एकाच नोंदीवरून कधीही सुटा करता येत नाही. नवी फेअरवे वुड बाजारात आली म्हणजे दुकानातून मात्र बहुधा हीच साक्ष काढली जाते: कोणीतरी एक फटका मारतो, चेंडू दूर जातो आणि काठी विकली जाते.

ज्यांनी हा खेळ चेंबूरच्या किंवा येरवड्याच्या मैदानाच्या कुंपणाबाहेरूनच पाहिला असेल, त्यांच्यासाठी थोडा तपशील देणे इष्ट. पहिला लांब फटका खुंटीवर ठेवलेल्या चेंडूला ड्रायव्हरने मारतात. त्यानंतर चेंडू जेथे विसावेल त्या बारीक कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, म्हणजे फेअरवेवरून, अजून दोनशे-सव्वादोनशे यार्डांचा पल्ला गाठावयाचा असल्यास जी काठी हाती घ्यावयाची ती फेअरवे वुड. तीन क्रमांकाच्या वुडचे मुख उभ्या रेषेपासून सुमारे 15 अंश मागे कललेले असते, पाच क्रमांकाच्या वुडचे 18 ते 19 अंश. पूर्वी हिचे डोके पर्सिमन नावाच्या कठीण लाकडाचे असे. 1979 मध्ये गॅरी अॅडम्स यांनी टेलरमेड ही कंपनी स्थापून पोलादी डोक्याच्या वुड विकावयास आरंभ केला, आणि पुढे लाकूड केवळ नावापुरते उरले.

चेंडू खुंटीवर नसून गवतावर असतो, या एका गोष्टीत फेअरवे वुडच्या रचनेची सारी अडचण सामावलेली आहे. नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये; म्हणजे जमिनीवर टेकलेल्या चेंडूचा मध्यबिंदू जमिनीपासून सुमारे 21 मिलिमीटर उंच असणार. मुख 15 अंश कललेले असेल आणि डोक्याचा तळ गवताला नुसता घासून जात असेल, तर भूमितीने स्पर्शबिंदू त्याहूनही खाली, जमिनीपासून सुमारे 16 मिलिमीटरांवर येतो. डोक्याचा गुरुत्वमध्य जर याहून वर असेल, तर आघाताच्या क्षणी डोके किंचित खाली वाकते, चेंडूला वेग कमी मिळतो आणि उलटी फिरकी वाढते. म्हणून रचनाकार पिढ्यान्‌पिढ्या एकाच उद्योगात गुंतलेले दिसतात: माथ्याचे वजन काढावयाचे आणि तळाशी नेऊन बसवावयाचे. नव्या काठीची परीक्षा करताना तिच्या चकाकीकडे पाहण्यापेक्षा मुखाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे पाहणे अधिक फलदायी ठरते, असे माझे मत आहे.

आता वेगाचा हिशेब. डोक्याचे वजन 210 ग्रॅमच्या आसपास धरले आणि चेंडूचे, नियमाने कमाल असलेले 45.93 ग्रॅम घेतले, तर संवेगाच्या अक्षय्यतेवरून आणि उसळीच्या गुणांकावरून चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या किती पट व्हावा हे कागदावरच काढता येते. अमेरिकेची युएसजीए आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजची आर अँड ए या दोन नियामक संस्थांनी मुखाच्या लवचिकतेला मर्यादा घातली आहे. 2004 पासून ती मोजण्यासाठी लंबकाला टांगलेला पोलादी गोळा मुखावर आपटून त्याचा स्पर्श किती मायक्रोसेकंद टिकतो हे पाहतात, आणि 239 मायक्रोसेकंदांच्या मर्यादेवर 18 ची सवलत देतात. जुन्या परिमाणात बोलावयाचे तर उसळीचा गुणांक 0.83 च्या घरात संपतो. हा गुणांक घेऊन हिशेब केला की वेगाची पट सुमारे दीड निघते, आणि मुखाच्या कलामुळे ती प्रत्यक्षात थोडी घटते. ट्रॅकमॅन या डेन्मार्कच्या कंपनीच्या रडारने टिपलेल्या, व्यावसायिक खेळाडूंच्या एका प्रसिद्ध सरासरीप्रमाणे, तीन क्रमांकाच्या वुडचे डोके ताशी 107 मैल वेगाने येते आणि चेंडू ताशी 158 मैल वेगाने निघतो. म्हणजे पट जवळजवळ 1.48. याचा अर्थ असा की मुखाच्या ऐन मध्यावर बसलेल्या फटक्यात वाढीला जागाच फारशी उरलेली नाही. उरलेली सारी वाढ मिळाली तरी ताशी दोन-तीन मैलांची, आणि अंतरात चार-पाच यार्डांची.

असे असता 2012 साली टेलरमेडने रॉकेटबॉल्झ नावाच्या आपल्या वुडविषयी सतरा यार्ड अधिक असा जाहीरनामा काढला, तो कशाच्या बळावर? त्या दाव्यात काहीच तथ्य नव्हते असे म्हणणे अन्याय होईल. तळाला मुखामागे जी आडवी खाच कापली होती तिच्यामुळे मुखाचा खालचा भाग खरोखरच अधिक लवत असे, आणि गवतावरून मारलेला फटका नेमका त्याच भागावर बसतो, हे आपण वर पाहिलेच. पण सतरा यार्ड कोणाचे, कोणत्या वेगाने मारणाऱ्याचे, आणि कोणत्या जुन्या काठीच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय तो आकडा निव्वळ आकडाच राहतो. नव्या काठीचे मुख जुनीपेक्षा दीड अंशाने उभे केले आणि दांडी अर्ध्या इंचाने लांब केली, तर धातूत काडीचाही बदल न करता चेंडू दूर जाईल. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही काठ्यांचा खरा कल आणि दांडीची लांबी स्वतः मोजून घ्यावी. तळावर कोरलेला क्रमांक हा दस्तऐवज म्हणून ग्राह्य धरू नये.

अंतराचे गूढ केवळ वेगात नाही, हे एडिंबरोचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच दाखविले. त्यांचा मुलगा फ्रेडी हा 1896 आणि 1898 साली ब्रिटिश हौशी स्पर्धेचा विजेता झाला; घरातच असा नमुना असल्यामुळे प्राध्यापकांना प्रयोगासाठी दूर जावे लागले नाही. उलट्या फिरकीमुळे चेंडूभोवतीच्या हवेचा प्रवाह खाली वळतो आणि चेंडू वर उचलला जातो, म्हणून तो फिरकीवाचून उडणाऱ्या चेंडूपेक्षा अधिक काळ हवेत राहतो, हे त्यांचे प्रतिपादन आजही टिकून आहे. वरील सरासरीत तीन क्रमांकाच्या वुडची फिरकी मिनिटाला 3655 फेऱ्यांची आहे, निघण्याचा कोन 9.2 अंशांचा, हवेतले अंतर 243 यार्डांचे आणि उतरण्याचा कोन 43 अंशांचा. ड्रायव्हरचा उतरण्याचा कोन 38 अंश. उतरण्याचा हा कोन जाहिरातीत क्वचितच आढळतो. फिरकी कमी करून दहा यार्ड कमावणारी काठी चेंडू सपाट उतरवते, आणि होलभोवतालच्या हिरवळीवर पडलेला चेंडू थांबत नाही. ज्याला दुरून हिरवळ गाठावयाची आहे त्याला मिळालेले दहा यार्ड असे मागच्या दाराने परत जातात.

प्रयोगाची बैठक कशी असावी याविषयी दोन मार्ग आहेत. पहिला यंत्राचा. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ट्रू टेंपर या दांड्या बनविणाऱ्या कंपनीने फटका मारणारे यंत्र घडविले आणि गोल्फपटू बायरन नेल्सन यांच्या डौलदार फटक्यावरून लोकांनी त्याला आयर्न बायरन म्हटले. यंत्र थकत नाही, नव्या काठीवर भाळत नाही, आणि त्याला सांगितले तर अर्धा इंच टोकाकडे किंवा टाचेकडे, पाव इंच खाली, असे ठरवून चुकते. त्यामुळे मुखाच्या कोणत्या भागावर किती वेग गमावला जातो याचा पूर्ण नकाशा तयार करता येतो. ज्या काठीत वजन मधून काढून टोकाला, टाचेला आणि मागे नेलेले असते, ती तराजूच्या दांडीच्या दोन्ही टोकांना वजने टांगल्यासारखी सहजासहजी वळत नाही. तिचे निरूढी परिबल अधिक, म्हणून अवघड ठिकाणी बसलेल्या फटक्यातही वेग आणि दिशा फार ढळत नाही. तीन अंशांचा दिशादोष 230 यार्डांवर जाऊन बारा यार्डांचा होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या गुणाचे मोल कळते.

दुसरा मार्ग माणसाचा, आणि तेथे संख्याशास्त्राशिवाय गती नाही. समजा, एखाद्या बऱ्या हौशी खेळाडूच्या फटक्यांच्या अंतराचे प्रमाण विचलन 12 यार्ड आहे. जुन्या आणि नव्या काठीने त्याने दहा-दहा फटके मारले, तर दोन सरासरींतल्या फरकाची प्रमाण त्रुटी साडेपाच यार्डांच्या जवळ निघते. मग पाच यार्डांची आघाडी दिसली तरी तिला दैवयोग म्हणावयाला पूर्ण वाव राहतो. तीन यार्डांचा खराखुरा फरक खात्रीलायक रीतीने ओळखावयाचा, तर प्रत्येक काठीने सव्वाशेहून अधिक फटके हवेत. ते एका बैठकीत होणे नाही. झाले तरी शेवटचे पन्नास थकलेल्या हातांचे. म्हणून काठ्यांचा क्रम यदृच्छेने ठरवावा, हा संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी रॉथॅम्स्टेडच्या शेतांतल्या वाफ्यांसाठी घालून दिलेला नियम येथेही पाळावा: आधी सगळे जुनीने आणि मग सगळे नवीने, असे कदापि करू नये.

या परीक्षेतला सर्वांत घातक संकेत म्हणजे 'बिघडलेला' फटका खोडून टाकण्याचा. खेळाडू म्हणतो, हा धरू नका, जमिनीत गेला. दुकानातला मदतनीस तो पडद्यावरून पुसतो; असे दहापैकी तीन जातात. आणि उरलेल्या सात चांगल्या फटक्यांची सरासरी काढून दोघेही समाधानी होतात. वास्तविक वर केलेला हिशेबच सांगतो की चांगल्या फटक्यांत दोन काठ्यांचा वेगामुळे पडणारा फरक चार-पाच यार्डांपलीकडे जाऊ शकत नाही; फरक राहतो तो पुसलेल्या तीन फटक्यांत. त्या तीनही नोंदी ठेवून दहा फटक्यांपैकी सर्वांत आखूड तीन कोठे पडले एवढेच जर कोणी दोन्ही काठ्यांसाठी लिहून ठेवील, तर त्याला सरासरीपेक्षा अधिक काही कळेल, आणि त्यासाठी रडारचीही गरज पडणार नाही.

निर्णय झाल्यावरही एक प्रश्न राहतो आणि तो झोळीचा. एका खेळाडूला चौदांपेक्षा अधिक काठ्या बाळगता येत नाहीत. नवी तीन क्रमांकाची वुड खरोखरच पंधरा यार्ड लांब गेली, तर ती ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसते आणि तिच्या खाली, जुनी वुड जेथवर पोचत असे तेथे, खिंडार पडते. वरील सरासरीत पाच क्रमांकाची वुड 230 यार्ड जाते, म्हणजे तीन क्रमांकाहून फक्त तेरा यार्ड कमी. म्हणून कित्येक खेळाडू त्या खिंडारासाठी पाच क्रमांकाची वुड घेतात, आणि तिला जागा करून देण्यासाठी एक लांब दांडीची लोखंडी काठी घरी ठेवावी लागते.