नैसर्गिक वायू : समुद्रतळापासून नागपूरच्या शेगडीपर्यंत



वसतिगृहात राहून शिकलेल्या जुन्या पिढीला ओल्या सरपणाच्या धुराचा वास अजून आठवत असेल. मोठ्या पातेल्यात भात शिजायचा आणि चूल फुंकणाऱ्या मावशींचे डोळे लाल व्हायचे. पुढे सिलिंडर आले आणि स्वयंपाकघरातील धूर गेला. आता नळाने घरोघर येणाऱ्या गॅसविषयी आपण ऐकतो. हा वायू म्हणजे नेमके काय, तो येतो कोठून आणि आपल्या नागपूरपर्यंत पोहोचायला त्याला इतका काळ का लागला, हे समजून घेऊ.

कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातील सूक्ष्म जीव मरून गाळाखाली गाडले गेले. वर साचणाऱ्या थरांचा दाब आणि पृथ्वीच्या पोटातील उष्णता यांमुळे त्यांचे खनिज तेल व वायू बनले. सच्छिद्र खडकांत साठलेल्या आणि वरच्या अभेद्य थराने अडवून धरलेल्या या वायूलाच आपण नैसर्गिक वायू म्हणतो. त्यात मुख्यतः मिथेन असतो. एक कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचा हा साधा रेणू आहे. त्याला रंग नाही, वासही नाही. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात.

घरच्या सिलिंडरमधील एलपीजी मात्र वेगळा. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असून थोड्या दाबाने द्रवरूप होतो, म्हणून सिलिंडरमध्ये भरून गावोगाव नेता येतो. मिथेन नेहमीच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. हा वायू जमिनीतून काढण्याइतकेच त्याला वाहून नेणेही अवघड असते, ते यामुळेच.

याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात तेलसाठा शोधला. तोच ‘मुंबई हाय’. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायूही वर येऊ लागला. पण तो वाहून नेण्याची पुरेशी सोय नसल्यामुळे सुरुवातीची अनेक वर्षे त्याचा मोठा भाग समुद्रातच जाळून टाकावा लागला. पुढे उरणला वायूवर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले आणि हजिरा–विजयपूर–जगदीशपूर या वायुवाहिनीने समुद्रातील वायू गुजरात, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातील खत कारखान्यांपर्यंत नेला. विदर्भ या वाटेवर नव्हता.

विदर्भाजवळ कोळसा होता. ज्या वर्षी मुंबई हाय सापडले, त्याच १९७४ साली कोराडीचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. कोळसा वॅगनमध्ये भरता येतो, उघड्यावर रचून ठेवता येतो. वायूचे तसे नाही. त्याला अखंड नळ लागतो, नाहीतर आकार लहान करून प्रवास घडवावा लागतो. वातावरणाच्या दोनशे पटींहून अधिक दाबाखाली भरला की तो वाहनांचा सीएनजी होतो. उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रव होऊन त्याचे आकारमान सुमारे सहाशेपट घटते, हा एलएनजी. असा द्रव वायू कतारसारख्या देशांतून जहाजाने गुजरातमधील दहेज बंदरात २००४ पासून येतो.

नागपूरच्या वाहनांसाठी हाच द्रव वायू टँकरमधून शेकडो किलोमीटर रस्त्याने आणावा लागत असे. २०२२ साली येथे सीएनजीचा दर किलोमागे सुमारे १२० रुपयांवर गेला. तो देशातील सर्वांत महाग दरांपैकी होता. जागतिक बाजार चढा होताच, त्यात या लांबच्या प्रवासाची भर पडली. रिक्षाचालकाच्या दिवसाच्या कमाईतून तो खर्च वजा होत होता. म्हणूनच मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुवाहिनी महत्त्वाची आहे. तिच्या मुंबई–नागपूर टप्प्याचा मोठा भाग समृद्धी महामार्गाच्या कडेने जातो.

या वायूचे गुण स्पष्ट आहेत. तेवढीच वीज कोळशाऐवजी वायूपासून निर्माण केली, तर कार्बन डायऑक्साइड साधारण निम्माच बाहेर पडतो. राख तर उरतच नाही. राखेचा त्रास काय असतो, हे कोराडी-खापरखेडा परिसरातील घरांना वेगळे सांगायला नको. मात्र हा वायू निर्दोष नाही. न जळता गळालेला मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता अडवतो. शिवाय भूगर्भातील साठा संपणारा आहे, आणि देशाच्या गरजेपैकी सुमारे निम्मा वायू आपण आजही विकत आणतो.

घरात लक्षात ठेवण्याची एक गोष्ट. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळल्यावर जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. म्हणून नळाचा गॅस असलेल्या स्वयंपाकघरात वरचा झरोका कधीही बुजवू नये. वास आला तर प्रथम वायूची चावी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. शेगडीची ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली, तर ज्वलन अपुरे होत आहे असे समजावे.

मिथेन मिळवण्यासाठी समुद्रतळाशीच जावे लागते असेही नाही. शेण, उष्टे-खरकटे आणि मैला हवाबंद टाकीत कुजवला की जो बायोगॅस तयार होतो, त्यातही मुख्यतः मिथेनच असतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली अशा वायूवर दिवे लावले गेले होते. शेकडो विद्यार्थी रोज जेवतात अशा वसतिगृहाला हा मार्ग विशेष सोयीचा आहे, कारण येथे इंधन जिथे तयार होते तिथेच जळते आणि वाहतुकीचा प्रश्न उरत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे मजूर खात्याबरोबर विजेचा विषयही होता. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय देशाचे दारिद्र्य हटणार नाही, असे त्यांनी त्या वेळी आग्रहाने मांडले. प्रत्येक नव्या इंधनाला हीच कसोटी लावावी. ते किती स्वच्छ आहे, हे तर विचाराच. पण शेवटच्या घरातल्या चुलीपर्यंत ते परवडेल अशा दरात पोहोचते का, हेही विचारा. हे दोन्ही प्रश्न सोडवणारे अभियंते तुमच्यातूनच घडावेत.