पुण्यातला खटला आणि मेंदूचा आलेख
डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून मेंदूतले विजेचे सूक्ष्म चढउतार टिपणे म्हणजे ईईजी. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी माणसाचा असा आलेख पहिल्यांदा 1924 मध्ये घेतला. सेकंदाच्या हजाराव्या भागातला बदलही त्यात दिसतो. तो नेमका मेंदूच्या कुठल्या भागातून आला, हे मात्र धूसरच राहते. एफएमआरआय या मेंदूच्या चुंबकीय स्कॅनचे उलटे. जागा मिलिमीटरपर्यंत कळते. पण ते मोजते रक्तातल्या प्राणवायूचा बदल, आणि तो शिगेला पोहोचायला पाचेक सेकंद जातात. दोन्हींत ना सुई, ना चिरा.

हेच ईईजी थेट न्यायालयात पोहोचले ते पुण्यात. जून 2008 मध्ये एका खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने ‘बीईओएस’ चाचणीचा आधार घेतला. संशयिताने काही बोलायचे नसते. गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवायची आणि ती त्याने ‘अनुभवली’ आहेत का, हे आलेखावरून ठरवायचे, असा हा दावा. फारच मोठा! नुसते ऐकलेले, कल्पिलेले आणि प्रत्यक्ष केलेले यांतला फरक एकेका माणसाच्या आलेखात खात्रीने दाखवणारे शास्त्र आजही हाती नाही. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा चाचण्या अशास्त्रीय ठरवल्या.

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी’ नावाच्या दुसऱ्या एका खटल्यात निकाल दिला : संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग (म्हणजे अशी ईईजीवर आधारलेली) चाचणी कुणावरही लादता येणार नाही.