एका रोगाचा पैसा, सगळ्यांचा दवाखाना

गरीब देशांना आरोग्यासाठी परदेशी मदत मिळते, ती बहुधा रोगाच्या नावाने. एड्स, क्षय, मलेरिया, पोलिओ. देणाऱ्याला हिशेब हवा असतो आणि किती गोळ्या वाटल्या, किती मच्छरदाण्या दिल्या, हे मोजता येते. अडलेल्या बाळंतिणीपाशी मध्यरात्री परिचारिका होती की नाही, याचा रकाना अहवालात क्वचितच सापडतो. मी वैद्यकाचा पदवीधर नाही. पण गेली काही वर्षे असे अहवाल वाचताना एक प्रश्न मला सोडत नाही. पैसा थांबल्यावर मागे काय उरते?

हा वाद जुना आहे. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे भरलेल्या परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय मांडले. त्याआधी, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने गावपातळीवरच्या ज्या प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचे जामखेडही होते. पण १९७९ मध्येच वॉल्श आणि वॉरेन या अमेरिकी अभ्यासकांनी वेगळी वाट सुचवली : सगळे एकदम जमणार नाही, तेव्हा मोजके रोग निवडा. पुढे देणगीदारांचा बराचसा पैसा याच वाटेने गेला.

२००२ मध्ये ग्लोबल फंड सुरू झाला. २००३ मध्ये अमेरिकेने ‘पेपफार’ या एड्सविरोधी योजनेसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर जाहीर केले. या पैशाने लक्षावधी माणसे जगली, हे आधी मान्य केले पाहिजे. मात्र अनेक ठिकाणी त्याच्याबरोबर औषधांचे वेगळे गोदाम, वेगळी नोंदवही आणि वेगळा पगारही आला. सरकारी दवाखान्यातली अनुभवी परिचारिका जास्त पगारावर प्रकल्पात गेली, की एड्सचा रुग्ण सावरतो. पण शेजारच्या प्रसूतिकक्षात माणूस कमी होते.

याला दुसरी बाजू दाखवली ती मलावीने. २००४ च्या सुमारास तिथे दर सात-आठ प्रौढांमागे एकाला एचआयव्हीची लागण होती. औषधे येऊ लागली, पण ती द्यायला माणसे नव्हती. परिचारिका देश सोडून जात होत्या. तेव्हा सरकारने मनुष्यबळाची आणीबाणी मानून योजना आखली. ब्रिटनची मदत आणि ग्लोबल फंडाचा निधी वापरून सरकारी व मिशनच्या दवाखान्यांतील अकरा संवर्गांना पगारावर ५२ टक्के वाढ दिली, प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या. २००९ पर्यंत या संवर्गांतील कर्मचारी निम्म्याहून अधिक वाढले. एड्ससाठी आलेल्या पैशातून उभी राहिलेली परिचारिका बाळंतपणही करते आणि न्यूमोनियाचे मूलही तपासते.

अर्थात हा पगारही परक्याच्याच थैलीतला होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली, तेव्हा आफ्रिकेतील कित्येक देशांत प्रकल्पाच्या पगारावरचे कर्मचारी घरी बसले आणि चाचणीची केंद्रे बंद पडली. वेगळी चूल मांडली, की लाकडे संपताच ती विझते. म्हणून रोगनिहाय मदत नको, असे मी म्हणणार नाही. उपचार थांबले तर माणसे मरतात. पण करार करतानाच विचारावे : यातला किती पैसा सगळ्यांच्या दवाखान्यात जाणार आहे, आणि कोणत्या वर्षापासून तो पगार देशाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून निघणार आहे?