जिला जागा बदलता येत नाही...

तुरुंगाचं नाव काढलं तरी आपण कानाला हात लावतो. आतल्या बायकांचं काय होत असेल, हा विचार तर मनातही येत नाही. पण मैत्रिणींनो, इंग्लंडमधली एक हकिगत तुम्हाला सांगायलाच हवी.

नोव्हेंबर २०१५. लीड्सच्या पुरुषांच्या तुरुंगात २१ वर्षांची एक ट्रान्सजेंडर मुलगी कोठडीत मृतावस्थेत सापडली. जन्माने मुलगा, पण कोवळ्या वयापासून मुलगी म्हणून जगलेली. तिला पुरुषांत का ठेवलं, असा प्रश्न उठला. २०१६ मध्ये नवे नियम आले. अशा कैद्याला कुठे ठेवायचं, हे ठरवताना तो स्वतःला काय मानतो याला जास्त महत्त्व मिळालं. हेतू चांगलाच होता.

पण पुढच्याच वर्षी घात झाला. बाई म्हणून ओळख सांगणाऱ्या एका कैद्याला यॉर्कशायरच्या न्यू हॉल या महिला तुरुंगात ठेवलं गेलं. लैंगिक गुन्ह्यांची जुनी नोंद होती, पण ती कुणी नीट पाहिलीच नाही! तिथे दोन महिला कैद्यांवर लैंगिक अत्याचार झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या कैद्याला जन्मठेप झाली. तुरुंग खात्यानं माफी मागितली. पण त्या दोघींचं काय?

एस.टी.त कुणी त्रास दिला तर आपण जागा बदलतो, कंडक्टरला सांगतो. तुरुंगातल्या बाईनं कुठे जायचं? तिच्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते.

२०१९ मध्ये डाउनव्ह्यू तुरुंगात ट्रान्सजेंडर महिलांसाठी वेगळा विभाग सुरू झाला. २०२१ मध्ये हे धोरण कोर्टात गेलं. महिला कैद्यांची भीती समजण्यासारखी आहे, असं कोर्टानं मान्य केलं. पण दोन्ही बाजूंचे हक्क तोलावे लागतात म्हणून धोरण बेकायदा ठरवलं नाही. २०२३ मध्ये नियम कडक झाले. पुरुषी अवयव असलेल्या किंवा हिंसक, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या ट्रान्सजेंडर महिलांना सर्वसाधारण महिला तुरुंगात ठेवायचं नाही, अपवाद करायचा तर मंत्र्यांची मंजुरी हवी, असं ठरलं.

आपल्याकडेही जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय गृहखात्यानं राज्यांना कळवलं, की ट्रान्सजेंडर कैद्यांसाठी वेगळा कक्ष, वेगळी स्वच्छतागृहं असावीत. मात्र त्यांना एकटं पाडू नये.

म्हणजे प्रश्न 'बायका विरुद्ध ट्रान्सजेंडर' असा नाहीच. लीड्सची ती मुलगी आणि न्यू हॉलमधल्या त्या दोघी, तिघीही सरकारच्या ताब्यात होत्या. शिक्षा कोठडीची असते, भीतीची नाही. नुसता शिक्का मारून कुणाला कुठेही ढकलण्याआधी, समोरचा माणूस आणि त्याची फाईल, दोन्ही नीट वाचायला नकोत का?