मोह, चुना आणि नववीचा तास

पहाटे साडेपाच

मार्चअखेरीस गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात उजाडायच्या आधीच माणसे रानात गेलेली असतात. मोहाची फुले पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरे, चितळ, अस्वल आपापला वाटा घेऊन जातात. माझ्या नववीतली निम्मी मुले या वेळी टोपल्या घेऊन झाडांखाली असतात. रस्त्याने जाताना दिसतात. "वेचून झालं का येतो जी सर," असे वाकूनच सांगतात. या दिवसांत उशिरा आलेल्या मुलाला मी वर्गाबाहेर उभे करत नाही. वाळवलेल्या मोहाच्या पैशातूनच त्याच्या वह्या येतात. माझी मागणी एवढीच, की येताना ओंजळभर ताजी फुले आणावीत.

सव्वासहा

उन्हामुळे शाळा सकाळची झाली आहे. प्रयोगशाळा म्हणून वेगळी खोली नाही, एक लोखंडी कपाट आहे. त्यातून परीक्षानळ्या काढून धुतो. चुना काल संध्याकाळीच पाण्यात कालवून ठेवला होता. तो तळाशी बसला आहे; वरचे नितळ पाणी अलगद ओतून घेतले की चुन्याची निवळी तयार. परवा मोह भिजवलेली बाटलीही बाहेर काढतो. तिच्या बुचातून सलाईनची नळी ओवली आहे आणि आत बारीक बुडबुडे चालू आहेत.

सात

आठवी, धातू-अधातू. टेबलावर सुरजागडच्या खाणीतला लालसर दगड आणि फरशीचा उलटा तुकडा. दगड फरशीच्या खरबरीत बाजूवर घासला की तांबडी रेघ उठते, हीच हेमॅटाइटची ओळख. या दगडाचे ट्रक मुले रोज पाहतात. म्हणून गणितही ट्रकचेच घातले. लोहाचे अणुवस्तुमान 56, ऑक्सिजनचे 16. रेणूत लोहाचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन. म्हणजे 160 पैकी 112 भाग लोह, शेकडा 70. खनिज अगदी शुद्ध असेल तर 20 टनांच्या ट्रकमध्ये 14 टन लोखंड भरले. हे उत्तर निघाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग उरलेलं 6 टन काय वाहून नेतात?" अणुवस्तुमान कशासाठी शिकायचे, हे त्या मुलाला मला वेगळे सांगावे लागले नाही.

आठ

नववीचे दोन तास जोडून. या दोन तासांसाठी मी सगळा आठवडा तयारी करतो.

धडा आम्ल-आम्लारींचा. लिटमस संपला आहे, पण त्यावाचून अडत नाही. जास्वंदीच्या पाकळ्यांचा काढा लिंबाच्या रसात गुलाबी होतो आणि निवळीत हिरवा. हळदीचा कागद चुन्याने लाल होतो. पळसाच्या फुलांचे पिवळे पाणी चुना पडताच केशरी-तांबडे होते. होळीचा रंग करताना आजी त्यात चुना का घालते, हे एका मुलीने स्वतःच सांगितले. या मुलांना लाल मुंग्यांच्या चटणीतली आंबट चव ठाऊक आहे. ते फॉर्मिक आम्ल, एवढे सांगितले की पुस्तकातले नाव त्यांच्या जिभेवर बसते.

मग मोहाच्या बाटलीची नळी निवळीत सोडली. दोन-तीन मिनिटांत पाणी दुधी झाले. फुलांतली साखर यीस्ट खाते; ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. निवळी पांढरी होते ती या वायूमुळे. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि भट्टी कुठे लागते हे मुलांना माझ्याहून जास्त माहीत असते. हा विषय टाळण्यात मला शहाणपण वाटत नाही. बाटली त्यांच्यासमोरच ओतून टाकतो आणि याच साखरेमुळे मोहाचे लाडू गोड होतात, तेही सांगतो.

पांढरा साका म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना-गडचांदूरच्या चुनखडीतलेच द्रव्य. चुनखडी भाजली की कळीचा चुना, त्यात पाणी घातले की विरी, आणि विरीने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला की पुन्हा चुनखडी. एका मुलाने नळीतून फुंकत राहण्याची परवानगी मागितली. फुंकता फुंकता दुधी पाणी पुन्हा नितळ झाले तेव्हा वर्ग उभा राहिला. का झाले, ते आज सांगितले नाही. उद्या त्यांनी सांगायचे.

शेवटची वीस मिनिटे खर्ऱ्यासाठी राखतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे शाळकरी पोरांच्याही खिशात सापडतो. 'खाऊ नका' हे त्यांनी शंभरदा ऐकले आहे. मी विचारतो, तंबाखू आहे तर चुना कशाला? तंबाखूतले बरेचसे निकोटिन आम्लांशी बांधलेल्या क्षाराच्या रूपात असते आणि तोंडाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुना आम्लारी आहे, तो निकोटिनला मोकळे करतो. मोकळे निकोटिन झपाट्याने रक्तात उतरते, म्हणून सवय घट्ट बसते. वर चुन्याने अस्तर पोळते, ते निराळेच. 'सर्च' या संस्थेच्या पुढाकाराने 2016 पासून जिल्ह्यात दारू-तंबाखूविरोधी मुक्तिपथ अभियान चालू आहे. माझा तास त्याच कामाचा लहानसा भाग आहे असे मी मानतो. आज हे सांगून झाल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. सुटीत एकाने खिशातली पुडी माझ्या टेबलावर आणून ठेवली, काही न बोलता.

बारा

शाळा सुटली. बाहेर ऊन फार, म्हणून वह्या इथेच तपासतो.

संध्याकाळी सहा

नववीतल्या एका हुशार मुलीच्या घरी. अंगणात मोह वाळत घातला आहे. वडिलांनी विचारले, "हे शिकून पोरीला काय भेटल जी गुरुजी?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना सांगितले: चंद्रपूरच्या वीज केंद्रात कोळसा आणि पाणी तपासायला रसायनशास्त्र शिकलेली माणसे लागतात, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लागतात, सिमेंट कारखान्यांत तर दर पाळीला लागतात. पाण्यातला फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेत बसवली गेली, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते ऐकत होते. पण अकरावी विज्ञानासाठी गाव सोडावे लागेल, म्हटल्यावर घरात शांतता पसरली. दहावीनंतर मुलींचे शिक्षण इथे अडते. माझ्या तासात कितीही रंग बदलले तरी वसतिगृहातली जागा मिळाल्याशिवाय तो अडसर निघत नाही.

म्हणून विनंती आहे. या दोन जिल्ह्यांतल्या कारखान्यांच्या आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांनी वर्षातून एक सकाळ जवळच्या हायस्कूलला द्यावी. येताना डझनभर परीक्षानळ्या आणाव्यात. आपण कोणत्या गावातून, कोणत्या वसतिगृहात राहून इथवर पोहोचलो, ते मुलींना नावपत्त्यासह सांगावे.