डोंगर फुटला, कायदा गप्प राहिला

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांची भावंडे, मुले, नातवंडे ऑस्ट्रेलियात पर्थ, मेलबर्न येथे स्थायिक झाली आहेत. त्या देशाच्या समृद्धीत लोहखनिजाचा मोठा वाटा आहे. ते मुख्यत्वे पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबरा भागातून निघते. त्याची किंमत कोण मोजतो, ते आज आम्ही सांगणार आहोत.

२४ मे २०२० रोजी रिओ टिंटो कंपनीने खाण वाढविण्यासाठी जूकन घळीतील दोन गुहा सुरुंगाने उडविल्या. पुउटु कुंती कुर्रामा व पिनिकुरा या मूळ रहिवाशांची ती पवित्र जागा. तेथे सुमारे ४६,००० वर्षांपासून मनुष्याचा वावर होता. २०१४ च्या उत्खननात सुमारे ७,००० वस्तू सापडल्या. त्यांत ४,००० वर्षांपूर्वीचा, मानवी केसांच्या वेणीचा तुकडा होता. तपासणीत ते केस याच लोकांच्या पूर्वजांचे ठरले.

मग हे घडले कसे? कायद्यानेच! १९७२ च्या कायद्याखाली मंत्र्यांची परवानगी कंपनीला २०१३ सालीच मिळाली होती. उत्खनन नंतर झाले. पण नवी माहिती हाती आली म्हणून परवानगीचा फेरविचार करण्याची सोय कायद्यात नव्हती. मंत्र्यांच्या निर्णयावर खाणवाल्यांना दाद मागता येई, मूळ रहिवाशांना नाही. खाणीच्या आखणीचे चार पर्याय होते. तिहींत गुहा वाचत होत्या. चौथ्यात सुमारे ८० लाख टन खनिज अधिक मिळणार होते. तोच निवडला गेला, आणि इतर पर्याय होते हे त्या लोकांना सांगितलेही नाही.

लोकक्षोभ उसळला तेव्हा कंपनीच्या प्रमुखासह तिघा अधिकाऱ्यांना जावे लागले. संसदेच्या समितीने चौकशी केली. राज्याचा नवा कायदा १ जुलै २०२३ रोजी लागू झाला. परंतु शेतकरी व जमीनमालकांनी ओरड करताच पुढच्याच महिन्यात तो मागे घेण्याचे ठरले. जुनाच कायदा काही दुरुस्त्यांसह परत आला.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आपण जपला. २००६ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. त्या पायऱ्यांवर आपल्या आजा-पणजांची पावले उमटून दोनशे वर्षेही झालेली नाहीत, तरी त्यांचा एक दगड हलला तर आपला जीव कळवळेल. मग ४६,००० वर्षांचे घर ज्यांचे गेले, त्यांचे दुःख आपल्याला परके कसे?

ऑस्ट्रेलियाचे नागरिक झालेल्या आपल्या लेकरांना तेथे मत आहे, आणि मतदान तेथे सक्तीचे आहे. पुढच्या वेळी फोनवर हवापाण्याची चौकशी झाली की जूकन घळीचीही गोष्ट काढावी, एवढीच आमची विनंती.