कातडीचा जिवंत पट्टा

मळणीयंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात सापडून होणारे अपघात नांदेड व लातूरकडील शेतकरी कुटुंबांस अपरिचित नाहीत. अशा जखमेत हाड उघडे पडले, तर त्यावर कातडीचा पातळ तुकडा सहसा धरत नाही. कारण त्याचे पोषण खालच्या रक्तानेच व्हावयाचे असते. येथे ‘फ्लॅप’, म्हणजे स्वतःचा रक्तपुरवठा सोबत आणणारा कातडीचा जाड पट्टा, वापरावा लागतो.

या शास्त्राच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नामक गाडीवानास पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसविले. हा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली.

इटलीत तालियाकोत्सी यांनी १५९७ मध्ये दंडाच्या कातडीची पद्धत ग्रंथबद्ध केली होती. तीत चेहऱ्यावर नवा व्रण पडत नसे. परंतु रुग्णाचा हात कित्येक दिवस चेहऱ्याशी जखडून ठेवावा लागे. पुण्याच्या पद्धतीत कपाळावर व्रण राही. मात्र हात मोकळा असे. दोहोंत तत्त्व एकच: नव्या जागी रक्तवाहिन्या रुजेपर्यंत पट्ट्याचे मूळ तोडावयाचे नाही.

पट्ट्याची लांबी त्याच्या रुंदीवर अवलंबून असते, अशी पुढे दीर्घकाळ समजूत होती. मिल्टन यांनी डुकरांवर केलेल्या व १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ती खोडून काढली. पट्टा किती लांबवर जगेल, हे त्यातील रक्तवाहिन्या ठरवितात, असे त्यांतून दिसून आले. १९७३ पासून तर पट्टा पूर्णपणे सोडवून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तवाहिन्या नव्या जागी जोडणेही शक्य झाले. यात हात जखडावा लागत नाही. परंतु शस्त्रक्रिया दीर्घ चालते व जोडलेली वाहिनी गोठल्यास सारा पट्टा धोक्यात येतो. म्हणून जेथे जवळची कातडी पुरते, तेथे जुनी पद्धत आजही उपयोगी पडते.

ग्रामस्थांनी यातून एक गोष्ट अवश्य ध्यानी घ्यावी. जखमेवर लोंबणारी कातडी निरुपयोगी समजून तोडू नये. एका कडेने जोडलेली असल्यास तीत रक्त खेळत असू शकते. हळद, तेल वा माती न लावता जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी व जखमीस विनाविलंब रुग्णालयात न्यावे. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती मळणीच्या हंगामापूर्वी गावोगावी पोहोचविल्यास अनेकांचे हात वाचू शकतील.